भित्री काकू आणि खेचराची घंटा

वारा सुटला की आमची काकू हातातलं काम टाकून दाराकडे धावायची आणि चौकटीला टांगलेली घंटा मुठीत घट्ट धरून उभी राहायची. तव्यावरचं करपो, दूध उतू जावो, वारा पडेपर्यंत ती तिथून हलत नसे. चेहरा पांढराफटक, आणि घंटा धरलेल्या हाताची दोन बोटं वाकडी. आम्ही पोरं तिला भित्री काकू म्हणायचो. काका खाटेवरून टोमणा मारायचे, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस! अगं, घंटा आहे ती, खाणार नाही तुला."

घंटा काकांच्या खेचराची. काका तरुणपणी तांड्याचे म्होरके होते, आणि त्यांच्या पुढच्या खेचराच्या गळ्यात ती असायची. खेचर मेल्यावर त्यांनी ती मानाने दाराला लावली. येणाऱ्याजाणाऱ्याला ते एकच वाक्य ऐकवायचे, "खेचराने मला वाचवलं आणि बायकोने पेठ बुडवली." लोक हसायचे. काकूही हसायची, पण घंटेकडे न बघता.

या वाक्याचा अर्थ लागायला आमची माणसं मुळात कशी घडली ते सांगायला हवं. समुद्र आमच्यापासून इतका लांब की तो पाहिलेला माणूस शोधावा लागतो. सगळा कोरडा सपाट माळ, आणि मध्ये एक खोल घळ. घळीच्या दोन्ही अंगांना पाणी लागलं म्हणून तांडे थांबू लागले. आधी किनाऱ्याकडून मीठ आणणारे आले, ते वरच्या अंगाला राहिले. मागून धान्यवाले आले, ते खालच्या अंगाला. मातीच्या मायेने कुणीच राहिलं नाही. पाण्यासाठी थांबले, आणि थांबल्यावर खाणारी तोंडं वाढली म्हणून राहिले. वाटसरूची सवय मात्र गेली नाही. आजही आमच्याकडे माणूस जेवायला बसतो तो दाराकडे तोंड करून, आणि पाहुण्याला 'कसे आहात'च्या आधी 'कुठून आलात' विचारतात. वरच्या पेठेचा माणूस खालच्या पेठेच्या माणसाला सख्ख्या भावासारखा ओळखतो, म्हणजे अजिबात विश्वास ठेवत नाही.

माळावर धूळ उठली की स्वतःचा हात दिसत नाही. म्हणून दोन्ही पेठांनी आपापल्या वेशीत एकेक लोखंडी पट्टी टांगली होती. धूळ उठली की तिच्यावर टोले द्यायचे, आवाजाच्या रोखाने तांडा यायचा. ज्या पेठेत तांडा शिरला तिथेच मुक्काम, तिथेच चारा, तिथेच सौदा. त्यामुळे जीव वाचवायची ही युक्ती हळूहळू गिऱ्हाईक ओढायची झाली. वरच्यांनी एक टोला दिला की खालचे दोन देणार. आधी थांबेल तो बुडेल, हे दोन्हीकडच्या पोरांना पाळण्यातच शिकवलं जायचं. दोन आवाजांच्या बरोबर मध्ये घळ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी तोंडातून काढत नव्हतं. एखादा तांडा घळीत गेलाच तर म्हणायचे, म्होरक्या कच्चा होता. आळीपाळीने वाजवावं, एवढं साधं आमच्या शहाण्या पूर्वजांना कसं सुचलं नाही? सुचलं असेल. परवडलं नसेल.

गेल्या उन्हाळ्यात भर दुपारी एक पाहुणा बसला होता. काकांनी आपलं ठरलेलं वाक्य टाकलं, पाहुणा हसला, आणि नेमका वारा सुटला. घंटा किणकिणली. काकू भाकरीचं पीठ हाताला तसंच घेऊन दाराशी गेली. माझा स्वभाव तिखट, मला राहवलं नाही.

"काकू, आज सांगच. कशी बुडवलीस तू पेठ?"

"तिचा हात दुखला," काकाच म्हणाले. "टोले देता देता थांबली. तांडा गेला खालच्या पेठेत. तुझे आजोबा सगळ्यांना तेच सांगायचे."

"हात नंतर दुखला," काकू म्हणाली.

ती दाराकडेच बघत होती. पुढचं सगळं ती त्या घंटेशी बोलल्यासारखं बोलली.

लग्न होऊन ती नुकतीच आली होती. काकांचा तांडा त्या दिवशी यायचा होता. दुपारीच आभाळ तपकिरी झालं. पुरुष जनावरं आत घ्यायला पळाले, म्हणून आजोबांनी हातोडा सुनेच्या हातात दिला आणि बजावलं, हात तुटला तरी चालेल, थांबायचं नाही. ती टोले देऊ लागली. पलीकडून खालच्या पेठेचे टोले सुरू झालेच होते. तेवढ्यात दोन टोल्यांच्या मधल्या फटीतून तिला खेचराची घंटा ऐकू आली. तिच्या जिवात जीव आला. घंटा जवळ आली, आणखी जवळ, आणि मग लांब गेली. खालच्या आवाजाकडे वळली होती. तिने जोर लावला. घंटा परत फिरली. खालच्यांनीही जोर लावला. घंटा पुन्हा तिकडे.

"मी ओढलं की इकडे, त्यांनी ओढलं की तिकडे. आणि दर खेपेला आवाज खोल व्हायचा गं, विहिरीत बोलल्यासारखा. मला कळलं, काठाशी आलेत. वाटलं, हा टोला दिला तर मीच ढकलते यांना."

म्हणून तिने हातोडा टाकला. एकच आवाज उरला तर जनावर त्याच्या मागे सरळ जाईल, एवढीच आशा. पण थांबल्यावर खरी भीती सुरू झाली. खालचेही थांबले तर? आपलंच चुकलं असेल तर? तेवढ्यात आजोबा धुळीतून धावत आले, "थांबलीस का, करंटे?" म्हणत त्यांनी हातोडा उचलला. काकूने दोन्ही हातांनी पट्टीला मिठी मारली. धुळीत त्यांना दिसलं नाही.

"मामंजींचा टोला बसला, पण आवाज झाला नाही."

"बोटं?" मी विचारलं.

"ओरडले नाही. ओरडले असते तर हे माझ्या आवाजाकडे वळले असते."

आजोबांना कळलं तेव्हा हातोडा त्यांच्या हातून गळून पडला. दोघं तशीच उभी राहिली. घंटा एका रोखाने लांब लांब जात होती, आणि मग ऐकू येईनाशी झाली. पोहोचले की पडले, धूळ बसेपर्यंत कळायला मार्ग नव्हता. काकू म्हणाली, तेव्हापासून ती तिथेच उभी आहे. काका संध्याकाळी चालत आले, तिच्यासमोर जेवले, पुढे मुलं झाली, ती मोठी झाली. पण वाऱ्यात घंटा वाजली की तिला वाटतं, अजून कळलेलं नाही.

आजोबांनी तिची बोटं रहाटात अडकली असं घरात सांगितलं आणि हात दुखला असं पेठेत. तांडेवाल्यांत बातमी पसरली की वरच्या पेठेत आता दम राहिला नाही. ते खालीच उतरू लागले. नंतर रस्ता झाला तो खालून, ट्रक थांबू लागले ते खाली. आमच्या पेठेत उरलीत ती वाटेकडे तोंड करून बसलेली रिकामी दुकानं.

पाहुणा केव्हा उठून गेला ते कुणी पाहिलं नाही.

"धुळीपायी माझ्या कानांना फडकं बांधलेलं होतं, टोले मला ऐकूच येत नव्हते," काका म्हणाले. "मी नुसता लगाम धरून चालत होतो. खेचर गोंधळलेलं, आणि एकाएकी सरळ चालायला लागलं. मला वाटलं, जनावराला वाट कळली. जन्मभर तेच सांगत आलो." मग म्हणाले, "तू बोलली का नाहीस?"

"मामंजी होते तोवर त्यांची लाज. नंतर तुम्ही खेचरावर इतके खूश होतात."

यावर एरवी काकांनी काहीतरी विनोद केला असता. वारा अजून जोरात होता. ते खाटेवरून उठले, गुडघ्यांवर हात देत दाराशी आले, आणि काकूची वाकडी बोटं एकेक करून घंटेवरून सोडवली.

"जा, भाकरी कर," ते म्हणाले. "मी आलोय. मी धरतो."

आणि वारा पडेपर्यंत ते घंटा धरून उभे राहिले.