दिगूकाकांनी दाखवलेलं जपान

गेल्या महिन्यात दिगूकाका गेले. त्यांचा पुतण्या सकाळी सायकलवरून आमच्या कारखान्यात आला आणि दारातूनच म्हणाला, "काका गेले. चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, अन् तसेच…" खरं सांगायचं तर मला आधी हायसं वाटलं. वर्षभर दम्यानं त्यांना आडवं होऊ दिलं नव्हतं. भिंतीला टेकून, बसल्या बसल्या झोपायचे. त्या दिवशी ते अंथरुणावर पाठ टेकून झोपले. मला रडू आलं ते नंतर, अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सांगताना.

काका आमच्या नात्यातले नव्हते. मूळचे आमच्याच सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावचे. तरुणपणी मुंबईत एका कापडव्यापाऱ्याकडे कारकून म्हणून लागले. त्यानं त्यांना जपानला, कोबेच्या पेढीवर पाठवलं आणि पुढची वीसएक वर्षं ते तिथंच राहिले. लग्न केलं नाही. सुटी घेऊन आपल्याकडच्या पाहुण्यांना बंदरं, देवळं, जुनी शहरं हिंडवून आणत. एका वेळी एकच कुटुंब घेत. "मेंढरं हाकल्यागत माणसं न्यायची नसत्यात," म्हणत. जपानी फाडफाड बोलायचे, पण मराठीत तोंड उघडलं की केमच्या स्टेशनावर उभे आहेत असं वाटायचं.

आमची ओळख झाली ती मोठ्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी. अण्णांचा आणि नरसय्याकाकांचा भागीदारीत चादरींचा कारखाना. माग नरसय्याकाकांकडे, रंग आणि नक्षी अण्णांकडे. सूत रंगवायची नवी यंत्रं बघायला अण्णा जपानला निघाले आणि मला बरोबर घेतलं. मी नुकतीच बी. ए. झाले होते. "इंग्रजी बोलायला कुणीतरी हवं," असं त्यांनी घरी सांगितलं आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं.

यंत्रांचं काम आटोपल्यावर, त्यांच्या मुंबईच्या व्यापाऱ्यानं कळवल्याप्रमाणे, कोबेच्या धक्क्यावर काका भेटले. समोर जहाजंच जहाजं. काका उजवीकडे बोट दाखवून एकेकाची माहिती सांगत होते आणि अण्णा डावीकडे बघून "वा, झकास!" म्हणत होते. प्रवासाचा शीण असेल, असं मला वाटलं. काकांनी बोट खाली घेतलं आणि अण्णांकडे निरखून पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांची दाखवायची रीतच बदलली. नारा नावाच्या जुन्या देवळांच्या गावी हरणं मोकळी फिरतात. काकांनी अण्णांच्या तळहातावर बिस्किटं ठेवली आणि हरणांची ओली नाकं हाताला लागू दिली. मोठ्या देवळात मूर्तीबद्दल दोन वाक्यं बोलून त्यांनी अण्णांना एका लाकडी खांबाला मिठी मारायला लावली. "मावतोय का बगा, मालक!" क्योटोच्या एका मठात पाऊल टाकलं की फळ्या पाखरांसारख्या चिवचिवतात, तिथं अण्णा लहान मुलासारखे हसत चार वेळा इकडून तिकडं गेले. पायरी आली की काका आमच्या दोघांसाठी म्हणून मोठ्यानं सांगायचे, "हितं तीन हायेत, उंच हायेत." मी वैतागले. सुंदर चित्रं, बागा सगळं मागं पडत होतं. शेवटी मी म्हणाले, "काका, आम्ही जपान बघायला आलोय, चाचपायला नाही." ते शांतपणे म्हणाले, "व्हय व्हय, बगायचंय की."

शेवटच्या दिवशी त्यांनी आम्हाला क्योटोतल्याच एका देवळात नेलं. तिथं मूर्तीच्या खालून एक वाट जाते, पार काळोखी. भिंतीला धरून चालायचं आणि पलीकडे उजेडात यायचं. "मालक म्होरं, तुमी मागनं," काका मला म्हणाले आणि स्वतः बाहेरच थांबले. दहा पावलांवर मी थबकले. डोळे फाडून बघितलं तरी काही नाही. मी ओरडले, "अण्णा, मला काहीच दिसत नाहीये!"

पुढून आवाज आला, अगदी निवांत. "माझ्या खांद्यावर हात ठेव. मला सवय आहे… मला वर्षभर असंच दिसतंय, बाळ."

मी त्यांच्या खांद्याला धरून बाहेर आले. ते कुठंही अडखळले नाहीत. उन्हात आल्यावर पायरीवर बसले आणि म्हणाले, "सुटलो बाई." मला सोबत नेलं होतं ते इंग्रजीसाठी नव्हे, हे मला तेव्हा कळलं. रंगांचा माणूस आंधळा झाला, हे कळलं तर कारखान्यात आपलं काय काम, या धास्तीनं त्यांनी आईलाही सांगितलं नव्हतं. काकांनी विचारलं, "डाक्टरला दावलं का?" अण्णांनी नकारार्थी मान हलवली. त्यांच्या थोरल्या भावाचा डोळा शस्त्रक्रियेनंतर गेला होता, त्याची भीती बसली होती. "दावल्याबिगर कसं कळायचं, मालक?" काका एवढंच म्हणाले.

सोलापूरला परतल्यावर अण्णांनी पहिल्याच दिवशी नरसय्याकाकांना बोलावलं आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. नरसय्याकाका म्हणाले, "मला ठावं हाय की, अण्णा. सुताच्या लडी रंगापरमाणं येगळ्या फळीवर लावाया लागलो, ते उगंच व्हय? तुमी बोलंना, मग मी बी गप." दोघंही हसायला लागले, आणि हसता हसता डोळे पुसायला लागले. डॉक्टर म्हणाले मोतीबिंदू आहे, पिकलाय, निघेल. एकेक करून दोन्ही डोळे झाले. जाड भिंगांचा चष्मा लागला आणि अण्णा पुन्हा रंगांपाशी उभे राहिले.

पुढे दिगूकाका नोकरी संपवून सोलापुरात पुतण्याकडे राहायला आले. अण्णांनी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा. "एवढेच तुम्ही? आवाजावरून मी सहा फुटी समजत होतो!" यावर काका दम लागेपर्यंत हसले.

परवा आम्ही त्यांच्या घरी गेलो. खोलीत एक पेटी, खुंटीवर टोपी, खिडकीत वह्यांची चळत. हिंडवलेल्या प्रत्येक कुटुंबासाठी त्यांनी पान ठेवलं होतं. पुतण्यानं आमचं पान शोधून दिलं. मी वाचून दाखवायला हात पुढे केला, पण अण्णांनी वही दिली नाही. चष्म्याजवळ धरून ते सावकाश, मोठ्यानं वाचू लागले. "सोलापूरचे चादरवाले. मालकांना दिसत नाही. पोरीला ठाऊक नाही. काळोखाचं देऊळ शेवटी घेणे. मालक पुढं, पोरगी मागं…"

"अक्षर बघ किती सुरेख आहे," अण्णा मला म्हणाले, आणि ते पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.