चुकीच्या वेळी कलंडलेली होडी

कुऱ्हाड मी हाकेच्या आधीच हाणली, एवढंच झालं.

कॅरिबियन समुद्रातल्या आमच्या तीन बेटांच्या देशातलं मधलं बेट कॅरियाकू. इथे नवी होडी पाण्यात लोटायची तर आधी तिला वाळूत कुशीवर निजवतात. एका बाजूचे सगळे टेकू एका हाकेला तोडायचे, ती हळूच कलंडते, मग सगळं गाव दोर धरून ओढतं. हाक द्यायची ती बांधणाऱ्यानं. पण मी पडलो उत्साही, पहिला घाव आपलाच हवा! माझा टेकू गेला, बाकीचे राहिले. होडी पुढच्या टोकावर गरकन फिरली नि कडाडकन आपटली. तिच्या फासळ्या मोडल्या.

"शाब्बास रे वाघा," कान्यूटकाकांची बायको, इयान्थीकाकू, कमरेवर हात ठेवून म्हणाली. "म्हातारा नऊ वर्षं ठोकत बसला. तू एका घावात मोकळं केलंस त्याला!"

काकांनी जन्मभर दुसऱ्यांच्या होड्या बांधल्या. ही पहिलीच स्वतःची. एकदा तरी आपल्या शिडाखाली मोठ्या बेटाच्या, ग्रेनाडाच्या बंदरात शिरायचं, ही त्यांची हौस. आणि वादळांचे महिने तर तोंडावर आलेले.

काका होडीभोवती एक फेरी मारून आले. "जेवणासाठी कापलेला मेंढा काही परत उठायचा नाही," म्हणाले. "जेवून घ्या."

हे काम इर्जिकीचं. मजुरी नाही, पोटभर खायचं नि त्या बदल्यात ओढायचं. आम्ही मक्याच्या पिठाचा कूकू, मटण, रम, सगळं चापलं. ओढलं काहीच नाही.

फासळीला मुळातच वाकडं वाढलेलं सीडरचं लाकूड लागतं, नि ते उतरत्या चंद्रातच तोडतात, नाहीतर कीड लागते. काका चंद्र उतरायची वाट बघत बसले. त्याआधीच रेडिओनं वादळ सांगितलं. सगळे धावलो. पण मोडकी होडी ओढावी तर आणखी फाटते. शेवटी ती बदामाच्या झाडाला बांधली नि घरी जाऊन दारं लावून घेतली. दुसरं काय करणार?

सकाळी सगळे किनाऱ्यावर जमलो, तर होडीही नव्हती, बदामही नव्हता.

"काका, दुसरी बांधू की," मी म्हणालो. "मी येतो ना मदतीला."

"तू? नको रे बाबा!" काका हसले. मग दोन्ही हात पुढे धरून दाखवले. थरथरत होते.

जायला निघालेल्या लोकांकडे वळून ते म्हणाले, "खाल्लंय हं सगळ्यांनी माझं. ओढायचं राहिलंय तुमचं."

"हो हो, काका, येऊ की," सगळे म्हणाले. काय ओढायचं, ते कुणी विचारलं नाही.