आले आणि आलो

इथे आखातात, अल मुंतझा भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मराठी बोलायचो ते मी आणि नवराच. लेक इंग्रजीतच उत्तर द्यायची. सतराव्या वर्षी ती आपणहून मराठी बोलायला लागली, तेव्हा मी सुखावले. मात्र क्लासहून घरी आली की ती कधी "आई, मी आले" म्हणायची, कधी "मी आलो". सासूबाई कोल्हापूरच्या, तिकडे बायकाही आलो-गेलो म्हणतात. व्हिडिओ कॉलवर ऐकून उचललं असेल, असं मी धरून चालले.

एकदा मेथी निवडताना मी हसत म्हटलं, "अगदी आजीसारखं बोलतेस हं."

"आजीचं नाही, माझंच आहे ते," ती म्हणाली. "इंग्रजीत 'आय' म्हणून सुटता येतं. मराठीत दर वाक्याला सांगावं लागतं, मुलगा की मुलगी. काही दिवस मला 'आले' बरोबर वाटतं, काही दिवस 'आलो'. एकच धरलं की उरलेलं लपवल्यासारखं होतं. मैत्रिणी इंग्रजीत माझ्यासाठी 'शी' आणि 'ही' दोन्ही वापरतात."

तिला जवळ घ्यायला हवं होतं. मी विचारलं, "बाहेर कुणाला माहीत आहे?"

"क्लासच्या ग्रुपवर नावापुढे दोन्ही लिहिलंय. आमच्याआमच्यातच आहे, आई."

मी उठून खिडकी लावली. चौथ्या मजल्यावर कोण ऐकणार होतं!

चार दिवसांनी लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या नाशिकच्या वहिनी भेटल्या. त्यांनी मोबाइल पुढे केला. लेकीचं नाव, त्यापुढे दोन्ही सर्वनामं.

"माझ्या मिस्टरांना ऑफिसातून आलाय हा फोटो," त्या हळूच म्हणाल्या.

"कुणी पाठवला?"

"ते नका विचारू. सांभाळा मात्र."

त्यांची मुलगी रोज आमच्याकडे अभ्यासाला यायची. त्या दिवसापासून आली नाही.

मी नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो ओरडेल असं वाटलं होतं. तो हळू आवाजात लेकीला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता काढ ते."

"बाबा, मी कुणाचं काय वाईट केलंय?"

"काहीच नाही. तरी काढ." आम्हा तिघांचं इथलं राहणं त्याच्या नोकरीवर होतं.

तिनं ते काढलं, आणि मराठी बोलणंही सोडलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी नवऱ्याला विचारलं, "घरी सगळं ठीक ना? मुलगी काय म्हणते?" सहा वर्षांत त्यांनी घरचं कधी विचारलं नव्हतं. नुसती चौकशी होती की आणखी काही, हे आम्हाला कळेना. अनोळखी नंबर दिसला की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो.

परीक्षा संपताच आम्ही लेकीला पुण्याला माझ्या बहिणीकडे पाठवलं. विमानतळावर तिनं विचारलं, "मी परत येणार आहे ना?"

"इन्शाल्ला," नवरा म्हणाला. काम होणार नसलं की ऑफिसात तो हेच म्हणायचा.

आम्हाला कुणी कधी काही बोललं नाही. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्टही वाढलं. सुट्टीत आता मीच पुण्याला जाते.