दोन पुस्तकांमधली जागा

साहित्य संमेलनात एका प्रकाशकांच्या स्टॉलवर मी पुस्तकं चाळत होते. शेजारी एक बाई स्पायरल बाइंडिंग केलेलं बाड छातीशी धरून आपल्या कादंबरीविषयी सांगत होत्या. तेवढ्यात प्रकाशकांचा फोन वाजला आणि ते बोलत बोलत मागे गेले.

बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. मग मांडणीतली दोन पुस्तकं हलकेच सरकवून त्यांनी बाड मधे उभं केलं आणि दोन पावलं मागे होऊन बघत राहिल्या. मुलीला पहिल्यांदा साडी नेसवून आई बघते, तशा.

एका आजोबांनी ते उचललं. उभ्याउभ्या पानभर वाचलं.

"कधी आलं हे?"

"नाही आलं अजून," बाई म्हणाल्या.

"आलं की घेईन," म्हणून बाड बाईंच्या हातात देऊन आजोबा पुढे गेले.

सगळं लिहिणं बहुधा अशा एका अनोळखी हातासाठीच असतं.

प्रकाशक परतले. "ठेवून जा, वाचून कळवतो," म्हणत त्यांनी बाड टेबलाखालच्या बाडांच्या गठ्ठ्यावर ठेवलं. तो गठ्ठा गुडघ्याएवढा होता.

बाई गेल्या, तरी त्या दोन पुस्तकांमधली फट तशीच राहिली. माझ्या पिशवीतही एक बाड होतं. ते तिथे मावेल का, हे मी नजरेनेच मोजून पाहिलं.