टेबलाचं ब्लीडिंग

तिसरा हात मारून झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेबल पुन्हा लाल.

हात म्हणजे रंगाचा एक थर. पहिल्या हाताला डाग आले तेव्हा मी म्हटलं, रंग पातळ झाला असेल. दुसऱ्याला आले तेव्हा कामावर देखरेख करणाऱ्या सरकारी ओव्हरसिअर साहेबांनी रंगाच्या डब्याला शिव्या घातल्या. तिसऱ्यानंतर कोणाला शिव्या घालायच्या ते कळेना. पांढऱ्याशुभ्र टेबलाच्या मधोमध तळव्याएवढे डाग उमटले होते आणि एका फटीतून लांब ओघळ आला होता.

नवेगाव बांधच्या अलीकडे एका खेड्यात तेव्हा प्रसूतिगृह सुरू होत होतं. नाव मोठं, पण मामला दोन खोल्या, एक नर्स आणि गोळा केलेलं जुनं फर्निचर एवढाच. मालगुजारी, म्हणजे सारा वसूल करणारी जमीनदारी, नुकतीच गेली होती. गावच्या मालगुजारानं कचेरीतलं आपलं भलंमोठं टेबल दवाखान्याला देऊन टाकलं. गावानं ज्याच्यासमोर हात जोडून सारा भरला, त्याच टेबलावर आता गावच्या बायका बाळंत होणार होत्या. मी रेल्वेच्या कॅरेज शॉपमध्ये, म्हणजे डब्यांच्या कारखान्यात, रंगकाम शिकलेला, गोंदियात माझं स्वतःचं दुकान. सगळं फर्निचर पांढरं करून द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं.

नर्सबाईंना सगळे सिस्टर म्हणत. नागपूरच्या, अंगानं किरकोळ, पण आवाज असा की बैल थांबावा. धानाच्या बांधांवरून घरोघर फिरून त्या बायकांना एकच गोष्ट सांगत: ब्लीडिंग झालं तर वाट पाहू नका, मला बोलवा. बायका मान हलवत आणि बाळंतपण घरीच करत. कितीतरी दिवसांनी एकच पोरगी तयार झाली होती. यमुना तिचं नाव. पहिल्या खेपेला तिचं बाळ घरीच गेलं होतं आणि रक्त जाऊन जाऊन तीही जायच्या बेतात होती. आता पुन्हा दिवस भरत आले होते. तिची सासू सगुणाबाई म्हणाली होती, "आधी जागा पाहीन, मंग सांगीन."

ती नेमकी त्याच सकाळी जागा पाहायला आली.

मी टेबलापाशी उकिडवा बसलो होतो. सिस्टर डोक्यावर उभ्या. "पेंटर, हे काय आहे?"

"सिस्टर, टेबल ब्लीडिंग करून राहिलंय," मी म्हणालो.

आमच्या शॉपमध्ये हाच शब्द होता. काही लाकडांच्या अंगात रंग असतो. वरून तेलाचा रंग लावला की आतला रंग त्यात विरघळून वर येतो. गोरा फोरमन त्याला ब्लीडिंग म्हणायचा, म्हणून आम्हीही म्हणायचो. साधा धंद्यातला शब्द. पण त्या गावाला इंग्रजीतला तेवढा एकच शब्द येत होता, आणि तो सिस्टरनीच शिकवलेला.

दारातून आवाज आला, "बिलिडिंग?"

सगुणाबाई पुढे आली. डाग पाहिले, ओघळ पाहिला आणि पदर तोंडाला लावला. "टेबलालेच बिलिडिंग होऊन राहिली बाई! मंग माह्या सुनेचं काय होईन?"

"मावशी, तसं नाही, हे लाकडाचं..." मी उठेपर्यंत ती अंगणाबाहेर गेली होती. दुपारपर्यंत ही बातमी सगळ्या खळ्यांवर पोचली. जिथे जिथे मळणी चालू होती तिथे तिथे.

सिस्टर माझ्यावर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या स्टुलावर बसल्या आणि हळू म्हणाल्या, "ती पोरगी यावेळी घरी राहिली तर वाचणार नाही, पेंटर. मी तपासलंय तिला." फर्निचरच्या कामात कोणाचा जीव अडकेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ओव्हरसिअर साहेब आले. त्यांचं एकच. "देखो पेंटर, ऑर्डर में व्हाइट लिखा है. और एक हाथ मारो, खतम करो."

"साहेब, दहा हात मारले तरी येईल. खालून बंद करावं लागेल."

"किससे?"

"लाखेने."

आमच्याकडे पळसाच्या झाडांवर लाख होते. ती गाळून पातळ पापडी करतात, तो चपडा. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून लाकडाला लावला की आतलं आत राहतं. चपडा माझ्या पेटीत होता. स्पिरिट नव्हतं. साहेब म्हणाले, स्पिरिट मंजूर नाही. ते गेल्यावर सिस्टरनी आपल्या कपाटातली बाटली काढून माझ्यापुढे ठेवली.

पण आधी तिन्ही हात उतरवायला हवे होते. टेबल अंगणात उन्हात काढलं. धुण्याच्या सोड्याचं पाणी मारून पत्र्याच्या पट्टीनं पांढरा रंग खरवडला. खाली कचेरीचं काळं तेलकट पॉलिश होतं, तेही काढलं. मग कुठे खरं लाकूड दिसलं. बीजा, अंगात लाल रंग असलेलं जंगली लाकूड! मालगुजारानं सागाचं म्हणून दिलं होतं आणि त्या काळ्या पॉलिशखाली आम्हीही सागच समजून चाललो होतो. आता मधासारखा रंग आणि त्यात लाल रेघा उघड दिसत होत्या.

शेवटी स्वच्छ पाणी ओतलं. अंगणात चिखल नको म्हणून सिस्टरनी कडेला दवाखान्याचा पांढरा एनॅमलचा ट्रे धरला होता. टेबलावरून ओघळलेलं पाणी त्यात साठलं आणि आम्ही दोघंही त्यावर वाकलो.

पाणी सोनेरी होतं. आणि सोनेरीच्या वर निळं. ट्रे जरा कलता केला की पिवळं, सरळ केला की कडेनं निळी झाक, मोराच्या मानेसारखी. मी बीजा शेकडो वेळा धुतला असेन. पण पाणी नेहमी मातीत जायचं, ते असं पांढऱ्यात आणि उन्हात कधी पाहिलंच नव्हतं. कोरड्या, मेलेल्या लाकडातून हे येतं कुठून? आजही मला ते पुरतं कळलेलं नाही.

"पेंटर, यात तुम्ही काही घातलं का?" सिस्टर कुजबुजल्या.

"देवाशप्पथ नाही."

कुंपणापाशी बायका जमल्या होत्या. एकीनं सगुणाबाईला ओढून आणलं. ती लांबूनच ट्रे बघत राहिली, मग आत आली. ओल्या लाकडावर तळवा ठेवला, बोट नाकाशी नेलं.

"हा तं बीजा हाये," ती म्हणाली. "बीजाले कुऱ्हाड लागली का लाल निंगतेच. आमाले का माहीत नाई? तसं काऊन नाई सांगतलं?"

"मलाच आता दिसलं, मावशी."

"पांढरं फासून कायले लपवलं मंग? खाली का हाये ते दिसत नाई, म्हून भेव लागला." तिनं लाकडावरून पुन्हा हात फिरवला, आता सावकाश. "वरतून पांढरं लावू नोको. दिसू दे. सून येईन."

मी लाखेचे हात दिले, वरचं लाकूड उघडं ठेवलं आणि फक्त पाय पांढरे केले. सिस्टरना बजावलं, यावर स्पिरिटनं पुसू नका, लाख उतरेल, वर मेणकापड घाला. साहेब बघायला आले.

"ऊपर व्हाइट क्यों नहीं?"

"साहेब, वर पांढरी चादर येते," सिस्टर म्हणाल्या. साहेबांनी पायांकडे पाहिलं, मान हलवली आणि गेले.

यमुना आली तेव्हा मी बाहेर खिडक्या रंगवत होतो. दुपार होती. सगुणाबाई माझ्याजवळच पायरीवर बसली. आतून आधी पोरीचा आवाज येत होता, मग फक्त सिस्टरचा. मग कोणाचाच नाही. माझा ब्रश डब्यातच राहिला. सगुणाबाईनं माझ्याकडे पाहिलं, पण तो इंग्रजी शब्द दोघांपैकी कोणी उच्चारला नाही.

आणि मग बाळ रडलं.

बऱ्याच वेळानं सिस्टर दारात आल्या. कोपरापर्यंत हात धुतलेले, चेहरा पांढराफटक. "खूप गेलं," त्या म्हणाल्या. "पण थांबलं. दोघी चांगल्या आहेत."

सगुणाबाई उठली आणि सिस्टरच्या पायांवर डोकं ठेवलं. मी तोंड फिरवून खिडकीला रंग लावत राहिलो, चुकून काचेलाही लावला.

पुढे कितीतरी वर्षं मी जुनं फर्निचर रंगवलं. गिऱ्हाईक रंग निवडायला लागलं की मी आधी एक कोपरा खरवडून त्याला खालचं लाकूड दाखवतो. वेळ जातो, गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू दे.