मालकाचं तिकीट

लोहाऱ्यात मला दिलदार माणूस समजतात. हे खरं नाही.

गेल्या महिन्यात ज्येष्ठ नागरिकांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला आणि वर भाषणही केलं. "लाखाचं बक्षीस लागलेलं तिकीट ज्यांनी हसत हसत मेव्हण्याच्या हातावर ठेवलं..." टाळ्या! मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना तो विनय वाटला. (शरमेनं खाली गेलेली मान आणि विनयानं खाली गेलेली मान मागच्या रांगेतून सारखीच दिसते.) शाल आता परत करता येत नाही, थंडी पडलीय. तेव्हा निदान हकीकत तरी सरळ सांगून टाकतो.

मी तेव्हा पिठाची गिरणी चालवायचो. गिरणीचा मालक मी आणि नोकरही मीच. तरी माझी बायको शालन मला 'मालक' म्हणायची. आमच्याकडच्या जुन्या बायका नवऱ्याचं नाव तोंडातून काढत नाहीत. 'आमचे मालक' म्हटलं की झालं. शालनचा धाकटा भाऊ सूर्यभान परंड्याला मंडप आणि लाउडस्पीकर भाड्यानं देतो. त्याची बायको रुक्मिण, तीही त्याला 'मालक'च म्हणते. आता घरोघरी एकेक मालक असतो, त्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते दोन मालक एकाच जीपमध्ये बसून तुळजापूरला गेले की!

आम्ही चौघं गावातल्या बब्रूच्या भाड्याच्या जीपनं गेलो होतो. दर्शन छान झालं. परतताना स्टँडजवळ लॉटरीची टपरी दिसली आणि सूर्यभान थबकला. हा माणूस समोरच्याशी बोलतानाही माइकवर बोलल्यासारखा बोलतो.

"दाजी! देवीच्या दारात हावोत! एकेक घ्यायचं का?"

निम्मा बाजार वळून बघायला लागला. नाही म्हणायची सोयच राहिली नाही. आम्ही शेजारशेजारच्या नंबरांची दोन तिकिटं घेतली, ती बायकांच्या हातात देऊन त्यांना तिथं उभं केलं आणि दोघंही बब्रूची जीप शोधायला गेलो. तेवढ्यात टपरीवाल्याला सेवा करायची हुक्की आली.

"बाई, तिकिटामागं नाव टाकून देतो. हरवलं तर बरं पडतं. कुणाचं नाव टाकू?"

"मालकाचं," शालन म्हणाली.

"आन् ह्या दुसऱ्यावर?"

"त्ये बी मालकाचंच," रुक्मिण म्हणाली.

टपरीवाल्यानं दोन्ही तिकिटांमागं ठसठशीत अक्षरांत लिहिलं: मालक. मग दोघींनी आपापल्या मालकाला एकेक तिकीट दिलं.

माझं तिकीट माझ्याजवळ पाच मिनिटं टिकलं. जीपच्या वाटेवर भज्यांचा गाडा होता. भजी गरम, तेल कोपरापर्यंत ओघळलेलं, गाडेवाल्याकडचा कागद संपलेला. मी खिशात हात घातला, हाताला लागला तो कागद काढला, दोन्ही हात झकास पुसले आणि बोळा करून फेकला. जीपमध्ये बसल्यावर लक्षात आलं, की माझ्या लॉटरीचा निकाल लागून गेलाय! सांगितलं असतं तर सूर्यभाननं ते परंड्यापर्यंत ऐकू जाईल असं सगळ्यांना सांगितलं असतं. म्हणून गप्प राहिलो.

त्या दिवशी सूर्यभान आणि रुक्मिण आमच्याकडंच मुक्कामाला राहिले. सदरा काढताना सूर्यभाननं खिसा आमच्या देव्हाऱ्यात रिकामा केला: तंबाखूची पुडी, कंगवा आणि लॉटरीचं तिकीट. सकाळी जाताना त्यानं पुडी उचलली, कंगवा उचलला. तिकीट राहिलं. हे फक्त मी पाहिलं. 'त्याला फोन करून सांगू' असं मी तेव्हा ठरवलंही होतं. ते ठरवणं अजून पक्कंच आहे.

पुढच्या आठवड्यात मोबाइलवर निकाल पाहिला. देव्हाऱ्यातलं तिकीट हातात धरून एकेक आकडा जुळवत गेलो. सगळे जुळले! सिरीजही जुळली! एक लाख रुपये!

"शालन!" मी ओरडलो. "आपल्याला लागली!"

'आपल्याला' हा शब्द तोंडातून कसा निसटला, देव जाणे. (देवीलाही ठाऊक असणार, मी तिच्या तसबिरीसमोरच उभा होतो.) शालन पदराला हात पुसत आली, तिकीट बघितलं, मला बघितलं आणि म्हणाली, "आपल्याला व्हय?"

"मग कुणाला?"

ती काही न बोलता चुलीकडं गेली. मी म्हटलं, आनंदानं वाचा बसली असेल.

दुपारपर्यंत बातमी बब्रूच्या जीपमधून गावोगाव गेली आणि संध्याकाळी परंड्याहून फोन आला.

"हॅलो! हॅलो, दाजी! माझं तिकीट तुमच्या देव्हाऱ्यात राह्यलंय!"

"न्हाय रे बाबा. ते माझं."

"मग माझं कुठंय?"

"तुझं तुला ठाऊक! मी काय तुझा खिसा सांभाळायला बसलोय का?"

हे बोलताना माझा आवाज इतका खरा वाटला, की क्षणभर मलाच पटलं.

दुसऱ्या दिवशी सूर्यभान आणि रुक्मिण पहिल्या एसटीनं हजर! तिकीट मध्ये ठेवलं आणि त्याच्याभोवती आम्ही बसलो. मी ते उलटं करून दाखवलं.

"बघ. काय लिहिलंय? मालक. हे घर कुणाचं? माझं. म्हणजे घराचा मालक कोण?"

"दाजी," रुक्मिण डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "परंड्यात आमचे बी मालकच हायती. भाडेकरू न्हाईत!"

"अक्का, तू सांग!" सूर्यभान शालनकडं वळला. "तिकीट कुणाचं?"

"मालकाचं," शालन म्हणाली.

"बघा!" मी म्हणालो.

"बघा!" सूर्यभानही म्हणाला.

एवढ्यात बब्रू आत आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यानं कधी बोलावण्याची वाट पाहिलेली नाही. तिकिटाची मागची बाजू त्यानं नीट वाचली आणि मला हाताला धरून बाहेर नेलं. जीपच्या मागच्या काचेवर लाल रंगात, खाली दोन फुलं काढून लिहिलेलं होतं: मालक.

"अण्णा, म्या तुमच्या पावण्यारावळ्यात पडत न्हाय," बब्रू म्हणाला. "पर माझ्या गाडीचं नाव तुमच्या कागदावर आलंच कसं, येवढंच इचारतो."

आता मालक तीन झाले! गल्लीतली माणसं जमली. कुणी म्हणालं तिघांत वाटा, कुणी म्हणालं देवळाला देऊन टाका, कुणी म्हणालं आधी चहा करा. शेवटी सूर्यभाननं देव्हाऱ्यातली तुळजापूरच्या कुंकवाची वाटी आणून माझ्यासमोर ठेवली.

"दाजी, ह्याच्यावर हात ठेवा आन् बोला. तुमी म्हनाल ते मला कबूल."

देवीची खोटी शपथ घ्यायची माझी हिंमत नव्हती आणि लाख रुपये सोडायचीही नव्हती. मी कुंकवावर बोट टेकवलं आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "आईची आण! हे तिकीट मालकाचंच हाय!"

यात अक्षरही खोटं नव्हतं. सूर्यभानचा चेहरा पडला, बब्रूनं मान डोलावली, गल्लीतले लोक उठायला लागले. मी जिंकलोच होतो! पण रुक्मिण कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दाजी, कोन मालक? नाव घिऊन बोला की."

"तुम्ही तरी कुठं घेता नाव!" मी उसळलो.

सूर्यभान उठला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू आवाजात बोलला आणि तेच जास्त ऐकू आलं. "अक्का, येतो. भाऊबीजंला आता माझी वाट बघू नगंस." तो पाणीही न पिता गेला.

शालनला माहेर म्हणून एवढा एकच भाऊ. आई-वडील कधीच गेले होते. तिनं भांडण केलं नाही, रडली नाही. ती रोज माझ्यासमोर भाकरी ठेवायची आणि म्हणायची, "जेवा, मालक." पूर्वीही हेच म्हणायची. पण आता त्या 'मालक'मध्ये काहीतरी कचकन दाताखाली यायचं. मी गिरणीत बसून स्वतःला समजावत होतो, की लाख रुपये आले की तिला सोन्याची बोरमाळ करू, मग होईल सगळं गोड. (माणूस किती हुशारीनं मूर्ख होऊ शकतो!)

तिकीट घेऊन तुळजापूरला टपरीवाल्याकडं गेलो तर तो हसायलाच लागला. "अहो, मोठी रक्कम हाय. नाव आन् ओळखपत्र जुळाय पायजे. तुमच्या आधारवर 'मालक' हाय का?" शेवटी त्यानंच युक्ती सांगितली. ज्या बायकांनी नाव टाकायला लावलं, त्यांनीच नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करावं, की 'मालक' म्हणजे अमुक अमुक माणूस. आणि घाई करा, रक्कम मागायची मुदत संपत आलीय.

मी निरोप धाडला. मुदत गेली तर कुणालाच काही मिळणार नव्हतं, त्यामुळं परंड्याची जोडीही आली. तहसीलसमोरच्या नोटरी वकीलसाहेबांच्या टपरीत आम्ही सगळे कोंबून बसलो. बब्रू दारात उभा होता. (त्याचा दावा त्यानं अजून मागं घेतला नव्हता.) मी अगदी निश्चिंत होतो. रुक्मिण काही नवऱ्याचं नाव घेत नाही. शालनही घेत नाही, पण माझ्याकडं नुसतं बोट दाखवलं तरी काम होणार होतं.

वकीलसाहेबांनी आधी रुक्मिणला विचारलं. "बाई, मालक म्हणजे कोण? पूर्ण नाव सांगा."

रुक्मिण लाजून लाल. "कसं सांगू? तुमीच वळखा की. त्ये काय, वर आलंय!" तिनं खिडकीतून आभाळाकडं बोट केलं.

वकीलसाहेबांनी वाकून पाहिलं. "काय, पाण्याची टाकी?"

"अवो, त्येच्या वर! रोज उगवतंय त्ये!"

"बाई, बाँडवर कोडी चालत नाहीत," वकीलसाहेब वैतागले. "तुम्ही बसा. दुसऱ्या बाई, तुम्ही सांगा. मालकाचं नाव?"

शालन उभी राहिली. मी सदऱ्याची गुंडी लावून जरा ताठ बसलो.

"आमच्या मालकांचं नाव म्या घेत न्हाय," ती म्हणाली.

"मग तिकीट कसं मिळणार, बाई?"

"तिकिटाच्या मालकाचं घेते की. त्येला काय हरकत हाय?" ती सूर्यभानकडं वळली. "सूर्यभान. माझा भाऊ. तिकीट त्येचं हाय. लिवा."

बब्रूच्या हातातली गाडीची चावी खाली पडली. सूर्यभान आ वासून बहिणीकडं बघत राहिला.

"अक्का... दाजी काय म्हनतील?"

"त्यांनीच सांगितलं मला," शालन शांतपणे म्हणाली. "म्हनले, कुंकवावर हात ठिवल्यापासनं झोप न्हाय. तुझ्या भावाचं हाय, त्येला दे."

सूर्यभाननं मला मिठी मारली. "दाजी! दाजी, लई मोठं मन तुमचं!" तो इतक्या जोरात ओरडला, की तहसीलमधले कारकून खिडकीत आले. त्यांच्यासमोरच रुक्मिणनं वाकून माझ्या पाया पडून घेतलं. गावात जी गोष्ट पसरली, ती ही. तेव्हाच मी तोंड उघडायला हवं होतं. पण माझं तोंड सूर्यभानच्या खांद्यात दाबलेलं होतं, आणि खरं सांगायचं तर ते तिथं बरं होतं.

मिठी सुटल्यावर शालन माझ्या कानाशी आली. "भज्याचं त्याल कशानं पुसलंत, म्या समोरूनच बघितलं हुतं."

"मग इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"वाट बघत हुते. तुमी कवा बोलताय म्हनून."

देवीपुढं शब्द फिरवणारा मी, पण मला बायकोपुढं एक शब्द जुळवता येईना. इकडं वकीलसाहेबांनी 'मालक म्हणजे सूर्यभान' असं प्रतिज्ञापत्र टाइप केलं, शालनचा आणि रुक्मिणचा अंगठा घेतला आणि माझ्याकडं पेन केलं.

"साक्षीदार म्हणून यांची सही घेऊ. बाई, हे तुमचे कोण लागतात?"

शालननं तोंड उघडलं आणि मिटलं. 'मालक' हा शब्द तिनं नुकताच शंभराच्या बाँडवर भावाच्या नावानं करून दिला होता. माझं नाव ती घेत नव्हती. आणि चारचौघांत 'नवरा' म्हणायला तिला लाज वाटली. तिनं मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे व्हय? हे सोबत आलेत."

वकीलसाहेबांनी तसंच टाइप केलं: 'सोबत आलेला इसम'. मी त्याखाली मुकाट सही केली. त्या सगळ्या प्रकरणात मी दिलेली तेवढी एकच जबानी खरी होती.