शोमेनदाचा होकार

लोक मला विचारतात, "लॉजिक शिकवून इतके किस्से कसे हो जमवलेत?" अहो, जमवले कुणी? माळ्यावर रिकामे डबे साचतात तसे साचले! यांची बदली कलकत्त्याला झाली आणि मला तिथल्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवायची नोकरी लागली. एकाहत्तर-बहात्तर साल असेल. मला वाटलं, लॉजिकची माणसं, म्हणजे सरळ बोलतील. पहिल्याच आठवड्यात तो भ्रम गेला.

आमचे हेड भट्टाचार्य सर. त्यांचं म्हणणं, कुठलंही विधान एक तर खरं, नाहीतर खोटं. तिसरी भानगड नाही. त्यांच्या समोरच्या टेबलावर शोमेनदा. त्याचं म्हणणं, आधी सिद्ध करून दाखवा, मग खरं म्हणा. तोवर हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून दोघं यावरून भांडत होते.

आमच्या विभागातली चौथी मंदिरा. ती या शोमेनदाच्या प्रेमात! बिचारीला त्याच्याकडून एक सरळ "हो" हवा होता, बस. आणि तिकडे बागबाजारातल्या घरी तिच्या वकील वडिलांनी दुर्गापूरचा एक इंजिनियर बघून ठेवलेला. आता बोला!

* * *

एकदा सरांचा तास चालू होता. पुढचा तास शोमेनदाचा आणि माझा मिळून, म्हणून आम्ही आधीच मागच्या बाकावर येऊन बसलो होतो. सर बल्बकडे बोट दाखवून म्हणाले, "हा दिवा एक तर पेटलेला आहे, किंवा पेटलेला नाही. कुणाची हरकत?"

नेमकं व्होल्टेज पडलं. बल्बमधली तार नुसती लालसर झाली, उजेडाचं नाव नाही. पेटलाय म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

शोमेनदाने फक्त हात वर केला.

"हा पॉवर हाऊसचा दोष आहे," सर ओरडले, "तर्कशास्त्राचा नाही!"

* * *

दुसरा किस्सा बंदच्या दिवसाचा. ट्राम नाही, बस नाही, आणि युनिव्हर्सिटीचे इन्स्पेक्टर चक्क पायी चालत येऊन हजर! वर्गात चिटपाखरू नव्हतं.

"कशी आहेत तुमची मुलं?" त्यांनी विचारलं.

"या वर्गात बसलेला प्रत्येक विद्यार्थी अत्यंत हुशार आहे," सर म्हणाले.

"अहो, पण वर्ग रिकामा आहे!"

"म्हणूनच तर! यातला एक ढ मुलगा शोधून दाखवा, मी विधान मागे घेतो."

इन्स्पेक्टरांनी खरंच वाकून बाकांखाली पाहिलं. मग शोमेनदा म्हणाला, "हे मात्र मलाही मान्य आहे सर." त्याला सरांचं काही पटण्याची ती पहिलीच वेळ. सर दिवसभर हवेत होते.

* * *

मी एकदा शोमेनदा आणि मंदिराला घरी जेवायला बोलावलं. सासूबाईंनी श्रीखंड केलं होतं. "विचार गं त्याला, आणखी वाढू का?" त्या म्हणाल्या. मी विचारलं. तो म्हणाला, "नको असं नाही."

सासूबाईंनी वाटी भरली. त्याने चाटूनपुसून खाल्ली, हात धुतले आणि मला म्हणाला, "शुभादी, 'नको असं नाही' यावरून 'हवं' असं सिद्ध होत नाही हां. श्रीखंड उत्तम होतं, मी फक्त मुद्दा सांगतोय."

सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या म्हणाल्या, "मेल्याला विचारायचंच कशाला? सरळ वाढून मोकळं व्हायचं!"

मंदिरा हसली नाही. हळूच म्हणाली, "मलाही तो हेच म्हणतो, शुभादी. प्रेम नाही असं नाही." मला इतका राग आला त्याचा! वाटी परत घ्यावीशी वाटली.

* * *

न राहवून मी ते सरांच्या कानावर घातलं. सर आनंदाने उडालेच. "नाही-नाही म्हणजे हो! लग्न ठरलं!" स्टाफरूममध्ये रसगुल्ले आले, प्रिन्सिपॉलसाहेब अभिनंदन करून गेले.

शोमेनदाने रसगुल्ला खाल्ला आणि म्हणाला, "सर, तुमच्या नियमाने माझं लग्न ठरवू नका. मला तो नियम मान्य नाही."

मंदिरा उठून बाहेर निघून गेली. त्या दिवशी तिने एकही तास घेतला नाही.

* * *

शेवटी तिच्या वडिलांनी रविवार नेमला. संध्याकाळी इंजिनियरकडची माणसं यायची होती. सकाळी शोमेनदाने येऊन काय ते सांगायचं. त्याच्या बाजूने सर आणि मी. बागबाजारच्या त्या बैठकीत समोर संदेश मिठाईची बशी होती, आणि हात कुणीच लावत नव्हतं.

वकीलसाहेबांनी सरळ उलटतपासणीच काढली. "माझ्या मुलीशी लग्न करून तिला सुखात ठेवाल? एका शब्दात सांगा."

शोमेनदा घामाघूम. रुमाल काढून कपाळ पुसलं, मग मान पुसली, मग परत कपाळ. मला वाटलं, संपलं, गेली पोरगी दुर्गापूरला.

"हो," तो म्हणाला.

दारात उभी असलेली मंदिराच पुढे आली. "सिद्धता?"

"नाहीये. खूप खटपट केली. पहिल्या पायरीपुढे जातच नाही."

"मग?"

"तरी हो."

मंदिराचे डोळे भरून आले. माझेही आले, खोटं कशाला बोलू? वकीलसाहेब दुर्गापूरवाल्यांना नकार कळवायला टेलिफोनकडे वळले. तेवढ्यात भट्टाचार्य सर ताडकन उभे राहिले.

"अजिबात चालणार नाही! सिद्धता नाही आणि हो? मग इतकी वर्षं माझ्याशी भांडलास कशाला? मागे घे तो होकार! आत्ताच्या आत्ता मागे घे!"

मंदिराने पदराने डोळे पुसले, संदेशची बशी उचलली आणि सरांच्या पुढ्यात धरली.

"सर, तोंड गोड करा," ती म्हणाली. "आणि मग बंद ठेवा."